खणखणीत की बद्द

भोईवाड्यातल्या त्या चाळीत दर रविवारी दुपारी तीन वाजता गोऱ्या लोकांची परीक्षा घेतली जाई. परीक्षक तिघे : भिवा, बुधाजी आणि सीताराम. तिघेही चिंचपोकळीच्या एका बॉयलर बांधणाऱ्या कारखान्यात कामाला. तिघांचंही इंग्रजी 'यस सर' आणि 'ओव्हरटाइम' यांच्यापुढे गेलेलं नव्हतं. आणि रॉक अँड रोल आपल्याला जेवढं कळतं तेवढं खुद्द अमेरिकेत कुणाला कळत नाही, याबद्दल तिघांचंही एकमत होतं. एवढी एकच बाब होती, ज्यावर त्यांचं एकमत होतं.

जागा भिवाची. तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली. दोन वर्षांपूर्वी धर्मांतर झालं, घरातले देव निघाले आणि देवांची फळी मोकळी पडली. भिवाने दोन महिने त्या मोकळ्या फळीकडे बघून काढले. मग चोरबाजारातून चावीचा फोनो आणला आणि तिच्यावर बसवला. समोरच्या खोलीतली कमलाबाई म्हणाली, "देव निदान गप बसायचे."

तबकड्यांना तोटा नव्हता. भायखळ्याची अँग्लो-इंडियन कुटुंबं त्या काळात एकामागून एक विलायतेला चालली होती आणि जाताना पलंगापासून पोपटाच्या पिंजऱ्यापर्यंत सगळं मातीमोल विकून जात होती. त्यात या तबकड्या. नावं वाचता येत नव्हती, म्हणून मंडळींनी स्वतःच बारसं केलं. एक होती 'इंजिन'. एक 'पिसाळलेला'. एकीत गाणारा मधेच धापा टाकायचा, ती 'तिसरा मजला'. तबकडीच्या दोन बाजूंना तोंड आणि पाठ म्हणत. कंपनी चांगलं गाणं मुद्दाम पाठीवर लपवते, तोंडावरचं असतं ते बाजारू, असं सीतारामचं ठाम मत होतं. त्यामुळे तोंडावरचं गाणं आवडलं तरी तो कबूल करत नसे.

निकालाची रीत कारखान्यातून आलेली. बॉयलरचे पत्रे जोडणाऱ्या रिबिटा मारून झाल्या की तपासनीस छोटी हातोडी घेऊन एकेक रिबीट वाजवून बघतो. घट्ट बसलेली रिबीट खणखणीत वाजते, ढिली असली की बद्द. बद्द रिबीट छिन्नीने तोडून काढायची आणि पुन्हा मारायची. गाण्यांनाही हेच दोन निकाल. तिसरा नाही, मधला नाही, 'बरं आहे' वगैरे तर अजिबात नाही. तपासनिसाचा मान भिवाचा. तो फोनोच्या पेटीवर पंजा टेकवून, डोळे मिटून बसायचा आणि गाणं संपलं की निकाल द्यायचा. भोईवाड्यात त्याला 'भिवाचा कान' म्हणत. कुणाला जुना रेडिओ घ्यायचा असो की लग्नाला बँड ठरवायचा असो, भिवाला नेऊन ऐकवत. तो आधी ढोलाजवळ जाऊन उभा राहायचा.

मंडळीत चौथा एक होता, रमाकांत. कारखान्यात टाइमकीपर, राहायला दादरला. त्याच्या घरी वडील पहाटे तंबोरा घेऊन बसत आणि नाट्यसंगीतानंतर जगात काही झालेलंच नाही असं मानत. म्हणून बिचारा रविवारी इथे यायचा. त्याला लेबलं वाचता येत, पेटी वाजवता येई, सूर कळत. या मंडळीत अशा माणसाची जी गत व्हायची तीच त्याची होती. मत त्याला होतं, पण त्याच्या मताला कुणी विचारत नव्हतं.

"मधे तो एकदम हळू होऊन गुणगुणतो ना, ती जागा ऐका," एकदा तो 'इंजिन' चालू असताना म्हणाला.

"कुठंय?" सीतारामने विचारलं.

"आत्ताच गेली."

"गेली म्हणजे बसलीच नव्हती," बुधाजी म्हणाला. "बद्द."

"अरे, पण सबंध गाण्यात तीच तर..."

"रमाकांत, तू हिशेबातला माणूस," भिवा समजुतीच्या सुरात म्हणाला. "गाणं कसं पाहिजे? छातीवर आलं पाहिजे. गुणगुणायला काय, डास पण गुणगुणतो."

तीन विरुद्ध एक हा हिशेब रमाकांतलाही येत होता.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. ते तिघेही बहिरे होते. ठार नाही, पण चांगलेच. बॉयलरच्या लाल तापलेल्या रिबिटीवर बाहेरून दोघे घण घालतात, तेव्हा आतून एकाला लोखंडी ठोकळा तिच्या बुडाशी दाबून बसावं लागतं. बाहेरचा एक ठोका आत दहादा फिरतो. भिवा अकरा वर्षं आत बसत होता, बुधाजी नऊ, सीताराम आठ. आत कुणाला पाठवायचं याचा मुकादमाला कधी फार विचार करावा लागला नाही. तो हजेरीपटावरची आडनावं वाचायचा आणि बोट दाखवायचा.

अशाने कान एकदम जात नाहीत, हप्त्याहप्त्याने जातात. आधी बांगड्या जातात, मग चिमण्या, मग बायका. मुकादम सगळ्यांत शेवटी जातो. माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखायला तर बॉयलरवाले पहिल्या वर्षातच शिकतात, त्यामुळे समोरासमोर काही अडत नसे. फिल्मी गाणी मात्र पुसट होत गेली, भजनं मुकी झाली. आणि अशात एके दिवशी भायखळ्याच्या फुटपाथवर कुणीतरी 'पिसाळलेला' लावली, तेव्हा तिघांच्याही बरगड्यांत ती खाडकन वाजली. कित्येक वर्षांनी त्यांना एक गाणं सबंध ऐकू आलं होतं. रॉक अँड रोलच्या प्रेमात जगात कोण कशामुळे पडलं असेल ते असो, हे तिघे असे पडले.

गंमत अशी की प्रत्येकाला वाटे, बहिरा आपण एकटेच आहोत. भिवाला तर हे कुणाला कळणार या विचारानेच घाम फुटे. त्याचा बाप असाच बहिरा झाला होता. पोरं त्याच्या पाठीमागे उभी राहून शिव्या द्यायची, तो वळला की हात जोडायची, आणि तो बिचारा हसून उलट हात जोडायचा. भिवाने लहानपणी हे दारात उभं राहून पाहिलं होतं. एकदा तर इतरांबरोबर तोही हसला होता. त्यामुळे भोईवाड्याने 'भिवाचा कान' म्हटलं की त्याला दोन घास जास्त जात.

आणि घरात होती जाईबाई, त्याची बायको.

जाईबाई गायची. चाळीतल्या बायकांचं एक मंडळ होतं. विहारात, जयंतीला, बारशाला त्या गात, आणि जाईबाई त्यांच्यात मागच्या रांगेत असायची. सात महिन्यांपूर्वी तिला स्वतःला गाणी सुचायला लागली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती नवं गाणं म्हणायची, तव्याकडे तोंड करून, आणि संपलं की वळून विचारायची, "कसं होतं?"

"छान," भिवा म्हणायचा.

दुसरं काय म्हणणार? तिचा आवाज बारीक, उंच. त्याला तिची पाठ हलताना दिसायची, तेवढंच. सुरुवातीला जाईबाई खूश व्हायची. मग नुसती मान हलवायला लागली. मग एक दिवस तिने परातच आपटली.

"त्या गोऱ्याला तुम्ही दीड-दीड तास झोडता. इथं घाई केली, तिथं दम खाल्ला, पाठ चांगली, तोंड वाईट. आनी माझ्या वाट्याला एक शब्द. छान. मी काय भीक मागते?"

"अगं, चांगलं असतं म्हणून..."

"सात महिन्यांत एक पन गानं वाईट झालं नाय? मी काय कोकिळा हाय?"

त्यात आता हे प्रकरण निकरावर आलं होतं. परळच्या कामगार मैदानात समितीची सभा होती, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'वाली. पुढाऱ्यांची भाषणं सुरू होण्याआधी भोईवाड्याच्या बायकांचं एक गाणं ठरलं होतं. बायकांनी एकमताने जाईबाईचं नवं गाणं निवडलं आणि तूच एकटीने म्हण म्हणून तिच्या मागे लागल्या. गाण्याची सुरुवात, आणि प्रत्येक कडव्याचा शेवट, असा होता :

मुंबई कुणाची, पुसा जा भोंग्याला
पहाटे हाक मारी कुणाच्या पोराला

"हजारो मानसं येनार," जाईबाई भिवाला म्हणाली. "कमलाबाई म्हनते गा. ढोलकीवाली शेवंती म्हनते गा. त्या मला वाईट कशाला म्हनतील? मला खरं सांगनारा मानूस पायजे. अख्खा भोईवाडा ज्याला कान म्हनतो, तो माझ्या घरात हाय. तुम्ही सांगा, मी उभी राहू की नको? वाईट गायले तर बायकांची नाय, वस्तीची नाचक्की हाय. येत्या रविवारपर्यंत मला सांगायचं, म्हंजे सोमवारी मी समितीला हो का नाय ते कळवते."

भिवाने "छान" म्हणायला तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि मिटलं.

शनिवारी चिंचपोकळीच्या पुलापलीकडे ख्रिश्चनांच्या एका हॉलमध्ये रॉक अँड रोलचा जलसा होता. माझगावच्या चार पोरांचा बँड, आत जायला तिकीट, पण खिडक्या रस्त्यावर आणि रस्ता फुकट. तिघे परीक्षक संध्याकाळी साडेपाचला खिडकीखाली भिंतीला पाठ लावून उभे राहिले. या वेळी जाईबाईही सोबत आली. नवरा एवढं काय ऐकतो ते तिला एकदा बघायचं होतं.

आत ड्रम सुरू झाला तशी भिंत थरारली आणि तिघांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. जाईबाईने लग्नाच्या आठ वर्षांत भिवाचा असा चेहरा पाहिला नव्हता. तिघांनी तिथेच उभ्या उभ्या निकाल द्यायला सुरुवात केली. "तबकडीत आहे ते इथं नाय," सीताराम म्हणाला. "तबकडीत घाम दिसतो काय रे?" बुधाजी म्हणाला. "ढोलवाला खणखणीत," भिवाने सांगितलं, "गिटारवाला नुसता उभा हाय." जाईबाईला मात्र गिटार व्यवस्थित ऐकू येत होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

मग ड्रम थांबला आणि आत एक मुलगी एकटीच गायला लागली. शब्द जाईबाईला कळले नाहीत, पण गळा असा गोड की रस्त्यावरचा चणेवालासुद्धा पुडी बांधायचा थांबला. आणि नेमके हे तिघे जांभया द्यायला लागले.

"मध्यंतर झालं वाटतं," बुधाजी म्हणाला. "चला, चहा मारू."

"चला," भिवा म्हणाला.

तिघे चहाला गेले. जाईबाई खिडकीखालीच उभी राहिली. गाणं संपेपर्यंत तिच्या डोक्यात एक शंका आली होती. ती इतकी वाईट होती की खात्री करून घेतल्याशिवाय उच्चारण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परीक्षा ठरल्या वेळेला सुरू झाली. 'तिसरा मजला' लागली, संपली. सीताराम पाठ लावायला उठला, तेवढ्यात जाईबाई पदर खोचून पुढे आली आणि फोनोचं झाकण लावून टाकलं.

"आज माझी परीक्षा घ्या," ती म्हणाली. "गोरे बसू देत जरा."

भिवाचा पंजा पेटीवर तसाच राहिला. बाकी दोघे उत्साहात सावरून बसले. रमाकांत कोपऱ्यात होता, त्याने पाय दुमडून जागा केली. जाईबाई या वेळी तव्याकडे नाही, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पहिलं कडवं म्हटलं. तिघांचे डोळे तिच्या ओठांवर चिकटले. मग दुसरं कडवं सुरू झालं. ओठ हलत होते, हात ताल धरत होता, मानही जागेवर डोलत होती. तिसरं झालं आणि जाईबाई थांबली.

"सांगा."

बुधाजीने घसा साफ केला. "वैनी, पहिलं कडवं चांगलं. पण दुसरं म्हणजे... दुसऱ्यात आवाज लागला."

"दुसऱ्यातच," सीताराम म्हणाला. "पहिल्यात जरा दबकत होतात. दुसऱ्यात मोकळ्या झालात. खणखणीत."

जाईबाईने भिवाकडे पाहिलं. "तुम्ही?"

भिवाला वाटलं, आज एका शब्दावर भागणार नाही. आज भरघोस द्यायला हवं. "दुसरं कडवं," तो डोळे मिटून म्हणाला, "तू असं घेतलंस की माझ्या अंगावर काटा आला."

भिवाने डोळे उघडले तेव्हा रमाकांत वेड्यासारखा एकेकाकडे बघत होता.

"वहिनी," रमाकांत चाचरत म्हणाला, "माझ्या कानाला काही झालंय का? दुसऱ्या कडव्यात तुम्ही नुसते ओठ हलवत होता ना?"

तो सवयीने हळू बोलला होता. पण त्याचे ओठ तिघांनीही वाचले.

पहिल्यांदा बुधाजीने सीतारामकडे पाहिलं. मग सीतारामने भिवाकडे. आठ-नऊ वर्षं एकाच बॉयलरमध्ये पाळीपाळीने बसलेली माणसं, आणि एकमेकांना हे कळायला बाईमाणसाला आवाज न काढता गावं लागलं. बुधाजी उठला, चपला घातल्या आणि चपला उलट्या पायांत आहेत हे न बघताच जिना उतरला. सीताराम त्याच्या मागे. रमाकांतने दारातून जाताना जाईबाईला म्हटलं, "पहिलं आणि तिसरं मला आवडलं, वहिनी. माझं मत इथे धरत नाहीत, पण आवडलं." आणि तोही गेला.

जाईबाईने दार लोटून घेतलं. मग ती भिवाच्या अगदी समोर बसली.

"कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली."

"माझा आवाज?"

भिवाने मान खाली घातली. खाली घातली की ओठ दिसत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती पुन्हा वर केली. "तुझा आधी गेला," तो म्हणाला. "बारीक हाय ना. त्यात तुझा काय दोष नाय."

जाईबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, दुःख होतं, आणि कुठलं किती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "सात महिने मी तव्याला गात होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, गानं वाईट हाय आनी तुम्ही दया करता. रात-रात झोप नाय आली मला. एकदा बोलला असता तर मी वळून गायले असते."

"लाज वाटली."

"बायकोची?"

"बापासारखा होईन म्हणून. तुला ठाऊक नाय, लोक बहिऱ्याला कसे हसतात. मी स्वतः हसलोय."

हे त्याने यापूर्वी कुणालाही सांगितलं नव्हतं. जाईबाईने पदराने नाक पुसलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मी समितीला नाय सांगते. गाऊन काय करू? चाळ चांगलंच म्हननार. ज्याचं खरं मानलं असतं त्याला ऐकू येत नाय."

भिवा चटकन पुढे सरकला. "नाय नको सांगूस. तिथं लाऊडस्पीकर लावतात, खांबा-खांबावर कर्णे. मी त्याच्या बरोबर खाली उभा राहतो. लाऊडस्पीकरातून मुडदा पण ऐकतो. तू गा, मी खरं सांगतो. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट."

"वाईट असलं तर सांगाल?"

"सांगेन."

"छान बोललात तर घरात घेनार नाय."

"नको घेऊस."

सोमवारी तिने समितीला हो कळवलं. आठवडाभर तव्यापाशी ती गायली नाही. भिवा पेटीजवळ बसून नुसतीच चावी देत राहिला, तबकडी लावलीच नाही.

सभेच्या रविवारी तो दोनला मैदानात हजर झाला. सभा चारची. लाऊडस्पीकरवाला वायर ओढत होता. भिवाने सगळे खांब फिरून बघितले आणि स्टेजच्या डावीकडचा एक पसंत केला. कर्णा खाली तोंड करून होता, डोक्यापासून दीड हातावर. तासाभरात मैदान भरायला लागलं. स्वयंसेवक म्हणाला, "अहो, इथे नका उभे राहू, कान फुटतील." भिवा म्हणाला, "बघू." आणि तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बुधाजी आला, त्याच्या मागून सीताराम, आणि कारखान्यातले आणखी पाच-सहाजण, ज्यांचा रॉक अँड रोलशी काडीचा संबंध नव्हता. एकमेकांची नजर चुकवत सगळे त्याच खांबाखाली जमले. बॉयलरच्या आत बसणाऱ्यांची अख्खी पाळी तिथे उभी होती.

"वैनींचं गानं हाय ना," बुधाजी उगाच म्हणाला.

"हाय," भिवा म्हणाला. सगळे कर्ण्याकडे बघत उभे राहिले.

जाईबाई स्टेजवर आली तेव्हा लांबून अगदी लहान दिसली. शेवंतीने ढोलकी घेतली. ढोलकीचे दोन ठोके कर्ण्यातून आदळले आणि भिवाने नेहमीसारखे डोळे मिटले. मग आवाज आला.

त्याला पहिल्यांदा वाटलं, हे दुसरंच कुणीतरी गातंय. त्याच्या आठवणीतला जाईबाईचा आवाज लग्नाच्या वेळचा होता, पोरसवदा, जरा घाबरा. हा आवाज बाईचा होता, वापरलेला, कडेला किंचित चिरलेला. 'पुसा जा भोंग्याला' म्हणताना ती 'पुसा'वर असा जोर देत होती की विचारणाऱ्याने खरोखर उठून जावं. सात महिने हे रोज संध्याकाळी चार हातांवर चालू होतं आणि तो भाकरीची वाट बघत बसला होता, याची त्याला भयंकर चीड आली. बॉयलरची, मुकादमाची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. आणि चीड आलेली असतानाच त्याला ऐकू आलं की तिसऱ्या कडव्यात ती ढोलकीच्या पुढे पळाली. घाबरली, धावली, 'पोराला'वर श्वास पुरला नाही, शब्द अर्धा तुटला. मग सावरली.

मैदानाने टाळ्या वाजवल्या. सीतारामने शिट्टी मारली. भिवाने वाजवल्या नाहीत. तो विचार करत होता.

गाणाऱ्या बायकांना भाषणं संपेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. जाईबाई स्टेजवरून उतरून गर्दीच्या कडेकडेने आली. तिच्या मागे शेवंती आणि कमलाबाई, दोघींचं कौतुक करणं थांबत नव्हतं. ती सरळ भिवापाशी आली आणि समोर उभी राहिली. कपाळावर घाम होता. तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली.

आणि आता 'छान' म्हणायला काही हरकत नव्हती. ते खरं होतं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच खरं होतं. भिवाच्या जिभेवर आलंसुद्धा.

"तिसऱ्या कडव्यात पळालीस," तो म्हणाला.

कमलाबाईने तोंडावर हात घेतला. जाईबाईचा चेहरा एकदम उतरला.

"ढोलकीच्या पुढं गेलीस. मग 'पोराला'वर दम तुटला. ती जागा बद्द. सुरुवात पण दबकत केलीस, पयल्या दोन ओळी कुणाला तरी घाबरून म्हटल्यासारख्या. 'पुसा' खणखणीत. 'पुसा' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाय, गोऱ्याचं नाय, काळ्याचं नाय. पण तेवढ्यावर चालनार नाय. दुसरं कडवं नीट बसवलंयस, तिसरं तोडून पुन्हा मार."

तो बोलत होता तशी जाईबाई ताठ होत गेली. मग तिने पदर कमरेला खोचला. भिवाला ती खूण ठाऊक होती.

"मी पळाले नाय," ती म्हणाली. "शेवंती मागं राहिली."

"ढोलकी बरोबर होती."

"ढोलकी बरोबर नव्हती. तिला विचारा."

"तिला कशाला विचारायचं? मी ऐकलंय."

ते चालायला लागले. मैदानातून भोईवाड्याकडे जाणारा रस्ता सभेला येणाऱ्या माणसांनी भरला होता, दहा ठिकाणांहून घोषणा येत होत्या, आणि बाजूने चालणाऱ्या बायकोचं भांडण भिवाला दिसेना. त्याने दोनदा "काय?" विचारलं. जाईबाई थांबली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग ती त्याच्या पुढे गेली, तोंड त्याच्याकडे केलं आणि उलट्या पावलांनी चालत भांडायला लागली. दम कुठे घ्यायचा ते गाणाऱ्याला ठरवू द्यावं, म्हणाली. पहिल्या दोन ओळी दबकतच म्हणायच्या आहेत, भोंग्याला विचारायला गेलेला माणूस आधी दबकतोच, म्हणाली. एका केळीवाल्याला धडकली, त्याला सॉरी म्हणाली, आणि पुन्हा तोंड भिवाकडे केलं. "बहिऱ्या मानसाने मला ताल शिकवू नये," ती भर रस्त्यात म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून, त्याला नीट वाचता यावं म्हणून. भिवाने ते वाचलं आणि तो हसायला लागला. मग तिच्या मागे खड्डा आला तेव्हा त्याने हात पुढे करून तिला डावीकडे ओढलं, आणि तिसऱ्या कडव्याचा मुद्दा सोडला नाही.